दिडकीचा पाढा आणि अंगठ्याचा ठसा

गणित का आवडत नाही, असं कुणालाही विचारा. एक मास्तर आठवतो, एक छडी आठवते, नाहीतर दहावीची गुणपत्रिका आठवते. गणित आवडणाऱ्यांची उत्तरंही अशीच असतात. कुणाला चांगल्या बाई मिळाल्या, कुणाला वडिलांनी दुकानात बसवून हिशेब शिकवला. ही उत्तरं खरी आहेत, पण ती एका माणसापुरती आहेत. एखाद्या मुलखातल्या पिढ्यान्‌पिढ्या आकड्यांपासून लांब राहतात, तेव्हा त्याचं कारण एका मास्तरात सापडत नाही. ते इतिहासात शोधावं लागतं. त्यासाठी मी पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांकडे बघतो. गणिताचा तिरस्कार कसा जन्मतो आणि त्याची गोडी कशी लागते, हे दोन्ही इथं स्पष्ट दिसतं.

आदिवासी मुलांना गणित जमत नाही, हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या लोकांकडून अनेकदा ऐकलं आहे. कधी ते कीव करून म्हटलं जातं, कधी हसून. आमच्या समाजाबद्दलही अशी वाक्यं ऐकायची मला सवय आहे. अमुक लोकांना शिक्षणात रसच नसतो, ही त्यातलीच एक तऱ्हा. अशा वाक्यांना उत्तर द्यायचं तर चिडून उपयोग नसतो. आधी हिशेब मांडावा लागतो.

वाढीदिढी

जुन्या पंतोजींच्या शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे घोकून घेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पया, अशा जगात हे पाढे रोज लागत. ज्याला ते तोंडपाठ, त्याला कागदाची गरज नसे. पण या शाळांमध्ये बसत कोण? प्रामुख्यानं ब्राह्मण आणि व्यापारी घरांतली मुलं. वारली, कोकणा, दुबळा, काथोडी यांच्या पाड्यांपर्यंत हे पाढे पोहोचलेच नाहीत. पोहोचलं ते त्या पाढ्यांनी लिहिलेलं खातं.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी काढायची, ही या भागातली रीत होती. आषाढात भात घ्यायचं आणि सुगी झाली की दिढीनं फेडायचं. म्हणजे एक मण घेतलं तर दीड मण परत. चार महिन्यांत अर्धा मण वाढ. वर्षाच्या दरात मोजलं तर शेकडा दीडशे. आता समजा, पीक बुडालं आणि त्या वर्षी काहीच फिटलं नाही. दुसऱ्या वर्षी दिडाची दिढी होते, सव्वादोन मण. तिसऱ्या वर्षी ते तीन मणांच्या वर जातं. चौथ्या वर्षी पाच मणांच्या वर आणि पाचव्या वर्षी साडेसातच्या पुढं. घेतलेलं मात्र एकच मण.

शाळेत याला भूमितीय श्रेढी म्हणतात. परीक्षेत मुलाला त्यावर काही गुण मिळतात. डहाणूच्या वारल्याला त्यापायी जमीन द्यावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या काही दशकांत इथल्या आदिवासींच्या जमिनी सावकार, व्यापारी आणि जमीनदारांच्या नावावर गेल्या. ज्यांनी रान साफ करून शेतं केली, ते त्याच शेतांवर कूळ झाले, नाहीतर मजूर झाले. दिडकीचा पाढा येणाऱ्यानं लिहिलं आणि न येणाऱ्यानं खाली अंगठा उठवला.

लग्नगड्याची गोष्ट याहून वाईट. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटलं की नाही, हे ठरवणार कोण? ज्याच्याकडे वही आहे तो. समजा, कर्ज दीडशे रुपयांचं आहे. दिवसाला बारा आणे मजुरी धरली, तर एकट्या नवऱ्याच्या दोनशे दिवसांच्या कामात ते फिटतं. बायकोचं काम वेगळं. पण मजुरीचा आकडा वहीत चढतच नसेल, तर दोनशे दिवस काय आणि वीस वर्षं काय, उत्तर एकच येतं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारनं सायमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडून आदिवासी भागांची पाहणी करून घेतली. इथली वेठ, सावकारी आणि आदिवासींची पिळवणूक त्याच्या अहवालात नोंदलेली आहे. हे सरकारी कागदात आहे, आंदोलकांच्या पत्रकातच आहे असं नाही.

अशा माणसाला आकडे आवडावेत ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? त्याच्या आयुष्यात आकडा आला तो नेहमी काहीतरी घेऊन जायला आला. त्यानं आकड्याला पाठ दाखवली, यात बुद्धीची कमतरता कुठं आहे? तो तर अनुभवातून काढलेला शहाणा निष्कर्ष आहे.

हे फक्त आदिवासींचंच घडलं असंही नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण पुणे-नगरच्या गावांत पसरलं. या दंग्यांचा विशेष असा की लोकांचा रोख प्रामुख्यानं कागदांवर होता. कर्जरोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. त्यानंतर सात वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर कमिशनपुढं निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात काय असावं याची यादी दिली. त्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब होता. फुल्यांना ठाऊक होतं की रोखा जाळून एका वर्षाची सुटका होते. पुढचा रोखा वाचता आला नाही, तर पुन्हा तेच.

बारा आणे आणि पाचशे पौंड

२३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. हजारो माणसं पायी आली होती. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर तिथं होते. गोदावरीबाईंनी पुढं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. परिषदेत ठरलं ते असं: वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही आणि दिवसाला बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकायचं नाही.

या उठावाबद्दल लिहिताना लाल बावटा, गोळीबार आणि हौतात्म्य यांवर भर दिला जातो, आणि तो योग्यच आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. त्यांची आठवण या भागात दर वर्षी काढली जाते. पण मला त्या लढ्यातली दुसरी एक गोष्टही तितकीच मोठी वाटते. त्यातल्या मागण्या आकड्यांत होत्या. ‘आम्हाला न्याय द्या’ एवढं म्हणून लोक थांबले नाहीत. बारा आणे म्हणाले. गवतकापणीच्या संपात मागणी होती, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १९४६ मध्ये जंगलातल्या कामासाठी दिवसाला सव्वा रुपया.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. चाळीस आण्यांना पाचशे पौंड, तर एका आण्याला साडेबारा पौंड. मग बारा आणे कमवायला किती गवत कापावं लागेल? दीडशे पौंड. म्हणजे दिवसाची मजुरी आणि वजनावरची मजुरी यांचा मेळ घालून बघता येतो. दीडशे पौंडांपेक्षा कमी गवत कापलं जात असेल तर रोजंदारी परवडते, जास्त कापलं जात असेल तर वजनाचा दर. गवत कापणाऱ्या कुणालाही हा हिशेब करता येईल, आणि अंगठा उठवणाऱ्यानं तो मनात केला नसेल असं मानायला काही आधार नाही. हातात पाटी नसणं आणि डोक्यात हिशेब नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९८५ मध्ये ब्राझीलमधल्या तीन संशोधकांनी हेच दाखवून दिलं. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या पाच मुलांना त्यांनी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर आले. तीच गणितं नंतर कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा सदतीसच बरोबर आली. मुलं तीच होती, बेरीज-गुणाकारही तेच होते. बदललं होतं ते गणित विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतो, एवढंच. डहाणू स्टेशनाबाहेर ताडगोळे विकणाऱ्या पोरीला आपण पन्नासची नोट देतो आणि ती क्षणात सुटे परत करते, तेव्हा ती गणितात नापास झालेली असू शकते.

फुफीचे नऊ हिस्से

आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझी फुफी, म्हणजे आत्या, चौथीपर्यंत शिकलेली. तिचा नवरा वारला तेव्हा त्याच्यामागं ती, त्याची म्हातारी आई, एक मुलगा आणि एक मुलगी अशी चार माणसं होती. वाटणी शरियतच्या कायद्यानं करायची ठरली. बायकोला आठवा हिस्सा, आईला सहावा, उरलेल्यात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. मोठी माणसं कागद घेऊन बसली. चोवीस हिस्से केले तर फुफीला तीन, सासूला चार आणि उरतात सतरा. सतराचे तीन वाटे पूर्ण होत नाहीत. मग बहात्तर हिस्से करायचे. फुफीला नऊ, सासूला बारा, मुलाला चौतीस, मुलीला सतरा. नऊ, बारा, चौतीस, सतरा, बेरीज बहात्तर.

फुफी पडद्याआड बसून बोटांवर मोजत होती. कागदावर बहात्तर यायच्या आत ती म्हणाली, ‘चोबीस से काम नहीं चलेगा, तिगुना करो.’ लघुतम साधारण विभाज्य हा शब्द तिनं जन्मात ऐकलेला नव्हता. मी तेव्हा सातवीत होतो आणि हाच धडा शाळेत मला कळत नव्हता. आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर चुकलेल्या उत्तराला पट्टी मारत, पण छेद समान का करायचा हे सांगत नसत. तो मला फुफीमुळं कळला. छेद समान केला नाही तर सतरा हिश्श्यांवर भांडण होईल आणि त्यात पोरीचं नुकसान होईल, म्हणून करायचा.

नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मीनं जो ग्रंथ लिहिला, त्यातल्या अल-जब्र या शब्दावरून युरोपातल्या भाषांत बीजगणिताला नाव मिळालं. त्याच्या स्वतःच्या नावावरून अल्गोरिदम हा शब्द आला. पण या ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या वाटणीचा आहे, हे फारसं सांगितलं जात नाही. जमिनीची मोजणी आणि व्यापारही त्यात आहेत. ज्या बीजगणितातल्या ‘क्ष’ला मुलं घाबरतात, तो ‘क्ष’ त्या काळी एखाद्या विधवेचा किंवा मुलीचा हिस्साही असायचा.

अंगणात आणि कुरणात

झरीची परिषद झाली त्याच १९४५ साली, तिथून काही कोसांवर, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. एकीकडे मजुरीचा लढा, दुसरीकडे लहान मुलांची शाळा. दोन्हींच्या वाटा आणि विचार वेगळे होते. पण आज मागं वळून पाहताना मला ते एकाच प्रश्नाचे दोन भाग वाटतात.

ताराबाई माँटेसोरी पद्धतीच्या होत्या. त्या पद्धतीत मुलाच्या हातात वस्तू देतात आणि वस्तूंमधून संख्या येते. पण ती साधनं महागडी आणि शहरी घरांतली. त्यांच्या जागी खडे, शंख-शिंपले, बिया, पानं, बांबूच्या काड्या आल्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा आणखी एक अडचण आली. पाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येतच नव्हती. मग शाळा मुलांकडे गेली. पाड्यातल्या अंगणात भरली ती अंगणवाडी. आज हा शब्द देशभर सरकारी योजनेत वापरला जातो. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी गुरं चरतात तिथंच भरली ती कुरणशाळा.

कुरणशाळेचं मला फार अप्रूप वाटतं. ज्या गवताच्या वजनासाठी आईबापांनी संप केला, त्याच गवतात मुलं गुरं राखत मोजायला शिकली. गुरं किती आली, किती पाण्यावर गेली, किती परतायची आहेत, ही वजाबाकी गुराख्याला कुणी शिकवावी लागत नाही. शिक्षकानं एवढंच करायचं की त्याच्या डोक्यात आधीच असलेल्या वजाबाकीला चिन्ह द्यायचं. पुढं १९८२ मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल संस्था सुरू केली आणि डहाणू तालुक्यात ऐने इथं हेच काम पुढं नेलं.

एकोणनव्वद, नेव्यासी, नवासी

तरीही अडचणी संपत नाहीत, कारण संख्येला भाषा असते. तलासरीचं मूल घरी वारली बोलतं, शाळेत पुस्तकी मराठी वाचतं आणि अच्छाडचा नाका ओलांडून गुजरातेत गेलं की गुजराती ऐकतं. ८९ ला मराठीत एकोणनव्वद म्हणतात, म्हणजे नव्वदला एक कमी. गुजरातीत नेव्यासी, म्हणजे ऐंशी आणि नऊ. एकच संख्या, पण मराठीत नव्वदच्या बाजूनं मोजलेली आणि गुजरातीत ऐंशीच्या. आमच्या घरी नवासी म्हणत आणि शाळेत एकोणनव्वद. त्यामुळं हा गोंधळ मला परका नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला त्यात गणित अवघड वाटतं, पण अवघड असते ती बहुतेक वेळा भाषा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘बासष्ट’बरोबर ‘साठ दोन’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. विनोद झाले, विधानसभेत टोलेबाजी झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरं मुलांना जड जातात, लिहिताना आधी दोन आणि मग एक लिहायचा तर बोलतानाही तोच क्रम सोपा जातो, आणि जुनी पद्धत काढून टाकलेली नाही. नव्या वाचनामुळं मराठीचा डौल जातो, हा आक्षेप मला समजतो. मला स्वतःला ‘बासष्ट’ हा शब्द प्रिय आहे. पण त्या सगळ्या गदारोळात वारली, कातकरी, भिल्ल, पावरा मुलांच्या कानांचा विचार किती जणांनी केला? ज्यांच्या घरात एकोणसत्तर आणि एकोणऐंशी हे शब्द जन्मापासून कानावर पडतात, तेच ठरवत होते की हे शब्द अवघड नाहीत.

वही कुणाच्या हातात

भीतीनं गणित बिघडतं, हे आता मानसशास्त्रही सांगतं. मन भीतीत गुंतलं की आकडे लक्षात धरायला जागा उरत नाही. मात्र भीती वर्गातच जन्मते असं धरून आपण वर्गातच इलाज शोधतो, रंगीत पुस्तकं आणि खेळ आणतो. ते हवंच. डहाणू-तलासरीचा इतिहास त्यात एका गोष्टीची भर घालतो. माणसाला गणित नकोसं होतं ते हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो तेव्हा. आणि हिशेबात स्वतःचा हिस्सा दिसू लागला की चौथी शिकलेली बाईही बहात्तरपर्यंत पोहोचते.

आणि वही अजूनही दुसऱ्याच्याच हातात आहे. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ मध्ये झाला. तरी पालघर जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. आधी उचल घेतलेली असते. हजार विटांमागं दर ठरतो, मोजणी मालकाचा माणूस करतो, फुटलेल्या विटा वजा होतात, आठवड्याला खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर एकदाच हिशेब होतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जमिनीचा दावा करता येतो, पण पदरात किती गुंठे आले हे तपासायचं तर क्षेत्रफळ काढता यावं लागतं. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आमची क्रमिक पुस्तकं क्षेत्रफळ शिकवतात ते बहुधा चौरस सेंटिमीटरांत, वहीच्या पानावर.

म्हणून तलासरीच्या एखाद्या शाळेत सहावीच्या मुलांना दोरी घेऊन शेतात न्यावं, बापाच्या नावावर आलेला तुकडा मोजायला लावावा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहायला सांगावं. सातवीत शेकडेवारी शिकवताना उचल आणि खर्चीची वही मांडावी. दिढीचं एक मण पाच वर्षांत किती होतं, हे मुलांनी स्वतः काढावं. त्यांच्या पणजोबांची जमीन कशी गेली, हे त्या उत्तरातच आहे. या मुलांना गणित आवडेल की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण भट्टीच्या मालकानं हिशेब वाचून दाखवला की त्यांच्यातलं एखादं पोर म्हणेल, ‘शेठ, वही जरा इकडं द्या, मी बघतो.’ त्याच्या पणजोबांना हे वाक्य म्हणता आलं नव्हतं.